बाबांनी पाहिलेली देवयानी

छोट्या,

बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चाललेय. तू रात्रभर गच्चीवर दुर्बिणीतून फोटो काढत जागलास म्हणून उठवलं नाही. मीही ड्यूटीवरून आत्ताच आले, पाठ टेकायची राहूनच गेली.

आले तेव्हा बाबा तुझ्या कॉम्प्युटरसमोर बसले होते. मला म्हणाले, "बघ, देवयानी दीर्घिका काय सुरेख आलीय! पोरानं नाव काढलं." मधला उजेड, भोवतीचे धुळीचे काळे पट्टे, सगळं बोट फिरवून दाखवत होते. छोट्या, स्क्रीन बंद होता रे. मी आपलं "हो, छान आलीय" म्हटलं आणि आत जाऊन नळ सोडून उभी राहिले.

"माझे डोळे तपासायचेत, सोबत चला," असं त्यांना सांगितलं. चपला शोधता शोधता म्हणाले, "तुझे डोळे चांगले आहेत गं. चल." आणि माझा खांदा धरला.

दुर्बिणीवर कापड टाक, ऊन चढतंय. जिन्यातली वायरही उचल. परवा ते तिलाच अडखळले आणि आपण दोघं त्यांनाच ओरडलो.

आल्यावर "फोटो कसा वाटला" म्हणून विचारू नकोस. शेजारी बस आणि काय काय आलंय ते सावकाश सांग. मी सांगितलं असतं, पण खरं सांगू? मला त्यात नुसता पुसट डाग दिसतो.

चहा गाळून ठेवलाय, गरम करून घे.

ताई