कुणाची गोळी सरस

३ मार्च
रक्तदाब १६८/१००! डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू. रक्तवाहिन्या सैल करणारी. पायाला सूज येऊ शकते, असंही म्हणाले. महिन्याभरात खाली आलं नाही तर दुसरी जोडणार.

५ मार्च
व्याही आले. त्यांची गोळी वेगळ्या जातीची — नावाच्या शेवटी 'प्रिल'. म्हणाले, "तुमची जुनाट हो. आमची मूत्रपिंडंही सांभाळते." पुढचं खोकल्यात गेलं. खोकला त्या गोळीचाच, पण कबूल करतील तर ते व्याही कसले!

८ मार्च
मेहुणाही मैदानात उतरला. त्याची लघवीची गोळी — अंगातलं मीठ-पाणी बाहेर काढते. सर्वांत स्वस्त, सर्वांत मस्त, म्हणाला आणि घाईनं उठून गेला. तासाभरात चौथ्यांदा. दर रविवारी तिघांनी आमच्या यंत्रावर मोजायचं ठरलं. ज्याचा आकडा कमी, त्याची गोळी सरस. बायकोनं तक्ता आखून दिला.

१२ मार्च
पाय चपलेत जात नाहीत. कुणाला सांगितलं नाही.

१५ मार्च
पहिली फेरी. मेहुणा १४६, मी १४४, व्याही १४२. व्याही श्वास रोखून बसतात, हा माझा आक्षेप. मी आधी अर्धा तास डोळे मिटून पडलो होतो, हा त्यांचा. (पडलो होतो.) भांडण झालं, पुन्हा मोजलं — तिघंही १६० च्या वर! फेरी रद्द. हिचं डोकं दुखत होतं. हळू बोला, म्हणाली.

१९ मार्च
मुलीला फोनवर तक्ता वाचून दाखवला. ती हसली नाही. "बाबा, ज्याला जी सोसते ती त्याची गोळी. आणि तुलनाच करायची तर गोळी न घेणारं एक माणूस नको का?"
बरोबर आहे. शास्त्र म्हणजे शास्त्र.

२२ मार्च
हिला बसवलं. गॅस बंद करून, हात पुसत आली. २०४/११८. तिघंही पोट धरून हसलो. मेहुण्यानं यंत्राचे सेल बदलले. २०६. लगेच मला लावलं — १४०. व्याह्यांना — १३८. यंत्रात काही दोष नव्हता.
ती म्हणाली, "झालं का माझं? भांडी पडलीत."

२३ मार्च
कालच तिला दवाखान्यात दाखल केलं. डॉक्टरांनी विचारलं, यांना त्रास कधीपासून? माझा तीन आठवड्यांचा एकूण एक आकडा मला पाठ आहे. तिच्याबद्दल काहीच सांगता आलं नाही.