माझ्याच आवाजातला झेल

१० जुलै, जळगाव
टीव्ही चॅनलच्या सोहळ्यात आमच्या खानदेशातल्या कानबाईदेवीचं गाणं मी म्हणायचं ठरलं. म्हणजे म्हणायचं नाहीच. धुळ्याच्या स्टुडिओत आधी रेकॉर्ड करायचं, स्टेजवर नुसते ओठ. दिग्दर्शक : "लाइव्ह आहे ताई. पावसात माईक गेला तर?" गेला तर गेला, लोकांना दिसू दे की. हे तिथे बोलले नाही, इथे लिहितेय. नेहमीचंच.
घरी आल्यावर आबा म्हणाले, "सगळे तेच करतात. तुझंच काय एवढं सोवळं?"

१३ जुलै, धुळे
रेकॉर्डिंग झालं. आपण ओळ टाकायची, बायका तीच उचलून म्हणतात, म्हणजे झेलतात, तेवढा वेळ आपण गप्प. अक्काआत्यानं ज्वारीचे बिबडे थापता थापता हे आधी शिकवलं, सूर नंतर. इथे बायकाच नाहीत. रेकॉर्डिंगवाले : "झेल पण तुम्हीच म्हणा, तेच चार वेळा चढवतो." चढवलं. मी एकटीच आख्खी गल्ली.
'आधी रेकॉर्ड केलेलं' असं पडद्यावर लिहाल का, विचारलं. हसले. "लग्नाच्या व्हिडिओत कोण लिहितं?"
दोन गल्ल्यांवर अक्काचं घर, गेले नाही. तिचा गळा आता साथ देत नाही. यंदा कानबाईला पहिली ओळ मला देणार आहे. तिला काय सांगू, की…

२० जुलै, जळगाव
झाला सोहळा. मागे नऊवारीत कॉलेजच्या मुली बसवलेल्या. पहिली ओळ निभावली. झेल आला आणि मी तोंड मिटलं. लहानपणापासूनची सवय. माझाच आवाज मैदानभर चालू, आणि कॅमेरा माझ्या मिटलेल्या तोंडावर.
लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणाला काही खटकलं नाही. त्यांचाच जास्त राग येतोय.
दिग्दर्शक : "एवढं एकच काम होतं तुम्हाला."

२१ जुलै
अक्काचा फोन.
"तुनं तोंड बंद, नि गानं चालूच. गल्लीमा बठ्ठ्या बायास्नी देखं."
म्हणजे सगळ्या गल्लीनं पाहिलं. मग तीच :
"कानबाईले तू म्हनशी, का तुना मोबाईल?"
फोन ठेवून दिला तिनं. 'नको येऊ' म्हणाली नाही. 'ये' पण नाही.

४ ऑगस्ट, धुळे
काल कानबाई बसली. नैवेद्याच्या रोटाचं पीठ अक्कानं माझ्याकडून मळून घेतलं, एक शब्द न बोलता. गाण्याची वेळ झाली. तिनं ओळ टाकली नाही, दुसरीलाही सांगितलं नाही. बायका भिंतीला टेकून माझ्याकडे बघत बसल्या.
मी टाकली. आवाज फाटला. कुणी झेललं नाही. परत टाकली, झेलेपर्यंत तीच ओळ, रीतच आहे. तिसऱ्यांदा मागून कुणीतरी उचलली, मग सगळ्यांनी.
मी तोंड मिटलं आणि अक्काचा आवाज शोधू लागले. कितीही गर्दीत ओळखते मी तो. तिचे ओठ हलत होते, बरोबर, एकेका अक्षराला.
आवाज होता का, की नुसते ओठ, ते आज सकाळपासून ठरवता येत नाहीये. ती परसात रोटाची परात घासतेय. जाऊन विचारलं तर…