अण्णाची महाधमनी

११ फेब्रुवारी २०२५

अण्णाची महाधमनी आज पडद्यावर उभी राहिली. मी उभी केली!

गेल्या आठवड्यात फौंड्रीत ओतकामाचा लाकडी पॅटर्न तासताना माझ्या या थोरल्या भावाच्या पाठीत कळ आली. "आतनं कुणीतरी करवत ओढल्यागत," म्हणाला. सीटी स्कॅनमध्ये दिसलं – हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीचा आतला पापुद्रा फाटलाय. रक्त खरी वाट सोडून पापुद्र्यामागच्या खोट्या वाटेनं धावतंय. तिथली बाहेरची भिंत पातळ. फुटली की संपलं. सध्या औषधांनी दाब धरून ठेवलाय. पुढं जांघेतून स्टेंट-ग्राफ्ट सरकवायचं – तारेच्या जाळीची कापडी नळी – आणि फाटलेली जागा आतून झाकायची.

स्कॅनची फाइल सौम्यानं आणून दिली. अण्णाची पोरगी. तिचा एम.टेक.चा प्रोजेक्ट याच विषयावर, अण्णाला तपासणाऱ्या डॉक्टरांकडंच. पण प्रवाहाचं सिम्युलेशन तिला शिकवलं कुणी? कॉलेजनं नव्हे. उद्यमबागेत हायड्रॉलिक व्हॉल्व्ह डिझाइन करणाऱ्या तिच्या काकानं – म्हणजे मी, जो कॉलेजची पायरी कधी चढला नाही.

१४ फेब्रुवारी

जमलं! अडचण जागेची होती. ग्राफ्टला पकडायला न फाटलेली भिंत लागते, आणि फाट आहे डाव्या हाताला रक्त नेणाऱ्या फाट्याच्या अगदी लगत. दोन दिवस अडून बसलो. मग सुचलं – तो फाटाच झाकायचा. व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये न लागणाऱ्या तोंडाला आपण प्लग मारतोच की! हात मरत नाही, शेजारच्या वाटांनी रक्त पोचतं. वाचलंय मी. मॉडेल चालवलं. खोट्या वाटेतला प्रवाह जवळजवळ थांबला. एकच ऑपरेशन, जांघेत एक बारीक चीर. देखणं काम.

लॅपटॉप घेऊन दवाखान्यात गेलो. अण्णा नर्सशी भांडत होता – सलाईन उजव्याच हाताला लाव म्हणून. म्हातारपणाचे हट्ट आत्तापासूनच! पडदा बघून म्हणाला, "ह्यो मी व्हय रं? रंगपंचमी खेळून आल्यागत दिसाय लागलोय की!" मग म्हणाला, "तू केलंयस म्हंजे मापात असणार."

मापं मला त्यानंच शिकवली. "लाकडात चुकलं की लोखंडात चुकतंय" – हे त्याचंच.

फाइल सौम्याकडं दिली. सोमवारी डॉक्टरांच्या मीटिंगमध्ये दाखवणार. बराच वेळ पडद्याकडं बघत बसली.

१७ फेब्रुवारी

डॉक्टरांनी ठरवलं – दोन ऑपरेशनं! आधी मान उघडून मानेतली नळी डाव्या हाताच्या नळीला जोडायची. मग ग्राफ्ट. एका झाकणात भागत असताना माझ्या भावाची मान कशाला कापायची?

डॉ. नागेंद्र कॉरिडॉरमध्ये भेटले. कानडीत म्हणाले, "तुमच्या पुतणीच्या सिम्युलेशनचा उपयोग झाला." पुतणीच्या! विचारलं, "आणि माझी फाइल?"

"कुठली फाइल?"

दाखवलीच नव्हती तिनं. नळीचा आकार माझा, पापुद्र्याची एकेक सुरकुती मी घासूनपुसून घेतलेली. त्यावर स्वतःची मांडणी चढवली आणि स्वतःच्या नावानं ठेवली. शेजारी उभी होती. मान खाली!

१८ फेब्रुवारी

ज्या बोटांना माउस धरायला शिकवला, त्याच बोटांनी.

१९ फेब्रुवारी

आज दवाखान्यात सगळ्यांसमोर बोललो. सौम्या मागं लागलेली, "काका, घरी जाऊन सांगते, इथं नको." म्हटलं, चोरी झाल्यावर सांगायचं काय उरतंय? जयावहिनी मधे पडल्या – "भावजी, पोरगी चार दिस धड जेवल्याली न्हाय. तुमचं मानपान मागनं बघूया."

मानपान!

अण्णालाही सांगितलं – तुझ्या लेकीपायी दोनदा कापून घेणार आहेस. छताकडं बघत म्हणाला, "दोन करा न्हायतर चार करा. मला माझ्या कामाच्या बाकावर परत बसवा म्हंजे झालं." त्यालाही तिचंच खरं वाटतंय.

२४ फेब्रुवारी

दोन्ही ऑपरेशनं पार पडली. अण्णा शुद्धीवर आहे. मी गेलो नाही.

गेलतो. खालपर्यंत. वर चढलो नाही.

९ मार्च

सौम्या दोनदा येऊन गेली. दार उघडलं नाही. आज मेसेज – "काका, तुमची फाइल कुणीही बघितलेली नाही. कुणी बघणारही नाही. माझ्याकडची मी काढून टाकली."

बघा मिजास! चोरी केली ती केली, वर पुरावाही पुसला. आणि तेही मलाच कळवते! उत्तर दिलं नाही. माझ्या कॉम्प्युटरवर मूळ प्रत आहे म्हणावं. तारखेसकट.

३० मार्च, पाडवा

वहिनींचा फोन आला म्हणून कंग्राळीला अण्णाच्या घरी गेलो. गुढीची काठी हलत होती. अण्णा उंबऱ्यावर बसून तिच्यासाठी पाचर तासत होता. उजव्या हातात लाकूड, डाव्यात पटाशी. लहानपणापासून तो तसाच – डावरा. ताटातली भाकरी सोडली तर सगळं डाव्यानं. ढलपी एकसारखी पातळ निघत होती. सौम्या काठी धरून उभी होती. माझ्याकडं बघितलं आणि पटकन म्हणाली, "काका, चहा टाकू?"

घरी येऊन मूळ प्रत उघडली. डाव्या हाताचा फाटा. मी मारलेला प्लग. हात मेला नसता, पण पटाशी पेलली असती?

तिनं ती फाइल खरंच कुणाला दाखवली नाही.