पहिला गिअर पडत नव्हता, त्याबद्दल

मी, गिअरबॉक्सवाला, वय वर्षे बहात्तर, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. दडपण असलेच तर बायकोचे, तेही "एकदाचं लिहा" एवढेच.

१. राहते घर बायकोचे. तिच्या हयातीत कोणी वाटणीचा विषय काढू नये. बाहेरच्या खोलीतला पंखा कुरकुरतो, तो मी दुरुस्त करणार होतो. आता मुलाने बघावे.

२. बँकेतली ठेव मुलाला. त्याला कधी पाना धरता आला नाही, सल्ला मात्र भरपूर दिला. माझ्या धाकट्या भावाने नेलेली इंजिन उचलायची चेनपुली त्याच्याकडेच राहू दे. ती त्याने विकत घेतली होती असे चारचौघांत सांगणे तेवढे बंद करावे.

३. गॅरेज, जॅक आणि सगळे पाने लेकीला. कारण लिहिणे भाग आहे. अकरा वर्षांपूर्वी एक टॅक्सी आली. पहिला गिअर पडत नव्हता. लेक तेव्हा माझ्या हाताखाली काम शिकत होती. म्हणाली, "बाबा, क्लच पूर्ण सुटत नाहीये. गिअरबॉक्स उघडू नका." मी उघडला. तीन दिवसांनी परत बसवला, तरी गिअर पडेना. टॅक्सीवाल्यासमोर आणि शेजारच्या रंगाऱ्यासमोर मी म्हणालो, "हिनेच काहीतरी उलटं बसवलंय." तिने एक बोल्टही बसवलेला नव्हता. तिने हात पुसले आणि गेली, ती परत गॅरेजात आली नाही.

दुसऱ्या दिवशी क्लचच्या पॅडलखाली एकावर एक दोन रबरी मॅट सापडल्या. पॅडल पुरते खाली जातच नव्हते. मी सगळा वेळ गाडीखाली, वर बघतो कोण? एक मॅट काढली, गिअर अलगद पडला. टॅक्सीवाल्याला सांगितले, पोरीची चूक होती, मी निस्तरली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे फाशी देणाराच चोर होता. मला त्याची लाज वाटते. तीनदा तिला फोन केला, तीनदा तब्येत विचारून ठेवला.

४. कलम तीन मी मेल्यावर वाचून उपयोग नाही. म्हणून सही करण्याआधी, दोन्ही साक्षीदारांसमोर, लेकीला फोन लावून ते शब्दन् शब्द वाचले. तिने शेवटपर्यंत ऐकले. मग म्हणाली, "गॅरेजचं नंतर बघू, बाबा. मॅटचं तेवढं परत वाचा. रंगारीकाका आहेत ना तिथे? मोठ्याने वाचा."

वाचले.

सही: गिअरबॉक्सवाला
स्थळ: गॅरेज. रविवार, १४ मार्च, सकाळी अकरा

साक्षीदार:
१. डॉक्टर, समोरचा दवाखाना
२. रंगारी, शेजारचे दुकान. दोन्ही वेळा ऐकले.