महिन्याचे दोन टक्के

मी, बायजा रोहिदास मढवी, वय एकाहत्तर, धंदा मासळीविक्री (आता बंद), राहणार तळवली, नवी मुंबई, हे मृत्युपत्र माझ्या खुशीने करून ठेवते. सांगते मी, लिहिते माझी नात पूर्वी. गुडघे गेले आहेत, डोके गेलेले नाही. डॉक्टरांचा तसा दाखला सोबत आहे.

१. सरकारने आमची जमीन घेतली आणि बदल्यात साडेबारा टक्के परत दिली. त्या प्लॉटवरचे घर माझ्या नावावर आहे. त्यातले निम्मे मुलगा कल्पेशला, निम्मे मुलगी दिशाला. दिशाकडून हक्कसोड लिहून घ्यायचे कोणाच्या मनात आलेच, तर त्याने आधी हे कलम मोठ्याने वाचावे.

२. बँकेतली एक लाखाची ठेव पूर्वीच्या शिक्षणासाठी. पासबुक दिशाने सांभाळावे, कल्पेशने नाही. शून्य टक्क्यावर मोबाईल घेऊन दोन हजार प्रोसेसिंग फी भरणारा माणूस आहे तो. जीव आहे माझा त्याच्यावर, पण पासबुक देणार नाही.

३. मासळीची पाटी आणि विळी सुनेला, शर्मिलाला. ती पापलेट माझ्यापेक्षा साफ कापते. हे मी तिला तोंडावर कधी बोलले नाही.

४. आता भागीरथी. समोरच्या घरातली, पंचवीस वर्षे बाजारात माझ्या शेजारी बसलेली. २०१३ साली तिला नवऱ्याच्या होडीच्या इंजिनासाठी पन्नास हजार हवे होते. बँकेचा फॉर्म भरून झाला होता, बारा टक्के व्याजाचा. मीच म्हणाले, "अगो, बारा कशाला भरतेस? मी दोनच टक्के घेन." आमच्यात व्याज महिन्याचे मोजतात. बँक वर्षाचे सांगते, हे मला ठाऊक नव्हते आणि तिलाही नव्हते. साडेबारा टक्के हा शब्द आमच्या गावात शेंबड्या पोरालाही पाठ, पण टक्के कशाचे आणि किती दिवसांचे, हे विचारायचे असते ते कोणी शिकवले नाही.

पाच वर्षे तिने दर महिन्याला हजार रुपये आणून दिले, एकदाही चुकवले नाहीत. शेवटी पाटल्या विकून मुद्दल फेडले. मग तिच्या मुलीने, प्रियाने, हिशेब करून सांगितला, तेव्हा हळदीच्या मांडवात सगळ्यांसमोर भागीरथी म्हणाली, "बायजा, तू मना लुटलंस." मी म्हणाले, "खाल्ल्या घरचे वासे मोजतेस." त्यानंतर सात वर्षे आम्ही बोललो नाही. तिचा नवरा गेला तेव्हाही मी खिडकीतूनच पाहिले. त्याची मला लाज वाटते.

गेल्या वर्षी कलम २ मधली ठेव ठेवली. एक लाखाला सात टक्के म्हणजे महिन्याला सात हजार, असे धरून मी बँकेत भांडायला गेले. पूर्वीने घरी वहीवर मांडून दाखवले, की सात हजार वर्षाचे, महिन्याचे सहाशेसुद्धा नाहीत. मी विचारले, "मग माझे दोन टक्के?" ती म्हणाली, "महिन्याला ना आजी? मग वर्षाचे चोवीस झाले." त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

बँकेला तिचे तीस हजार व्याज गेले असते, मी साठ घेतले. म्हणून वरचे तीस हजार, आणि त्यावर सात टक्क्यांनी सात वर्षांचे चौदा हजार सातशे (टक्के वर्षाचे, महिन्याचे नव्हेत), माझ्यामागे तिला द्यावेत. जिवंतपणी द्यायला दोनदा निघाले होते. तिच्या ओट्यापासून परत आले.

५. हे कलम आज, सह्यांच्या वेळी घातले आहे. वकीलबाई अमरीन म्हणाल्या, साक्षीला शेजारचे कोणी हवे. मी नको नको म्हणत असताना पूर्वी समोर गेली आणि भागीरथीला घेऊन आली. तिने सगळे ऐकून घेतले. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला पैसे मिळायचे त्याने साक्षीची सही करू नये. भागीरथी म्हणाली, "मी सही करन. हिच्या मरनाची वाट कोन बघल? तीस हजार आताच दे. वरचं व्याज नको. व्याजानंच आपलं बोलनं बंद केलं."

मी कपाटातून पैसे काढून दिले. तिने दोनदा मोजले आणि चहा मागितला. म्हणून कलम ४ मधले देणे रद्द समजावे. चौदा हजार सातशे मी देणारच म्हणते, ती घेणार नाही म्हणते. त्यावरून सकाळपासून आमचे भांडण चालू आहे, आणि हे लिहीपर्यंत दोघींपैकी कोणी उठून गेलेले नाही.

सही: बायजा रोहिदास मढवी

साक्षीदार:
१. भागीरथी हरिश्चंद्र भोईर, समोरचे घर
२. डॉ. विजयमाला ठाकूर, घणसोली

ठिकाण: तळवली, नवी मुंबई
तारीख: १६ नोव्हेंबर २०२५