मयताला बहीण हवी

कोपनहेगन, मंगळवार

आदरणीय फेरिहाआत्या,

तुझा हात ओठांना लावून कपाळाला टेकवतो. गुडघे कसे आहेत? ओडेन्सला वारं फार सुटलंय म्हणे. शाल घेतल्याशिवाय बाहेर पडू नकोस. बाबांच्या दफनापासून, म्हणजे दोन वर्षं, तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. (फाडायचंच असेल तर वाचून फाड.)

बातमी आनंदाची आहे. हा तुर्की चेहरा घेऊन आजवर मी पडद्यावर तीनदा चोर, दोनदा टॅक्सीवाला आणि एकदा चोराचा टॅक्सीवाला भाऊ झालो. यंदा माझ्या पात्राचं नाव अस्सल डॅनिश, हेनिंग! हेनिंग, आत्या! समुद्राकाठी उन्हाळ्यात राहायचं घर, अंगणात झेंड्याची काठी, तीन मुलं. मी सही ठोकून मोकळा झालो आणि मग पटकथा वाचली. हेनिंग पहिल्या पानापासून शवपेटीत आहे. पुढे सिनेमाभर त्याची मुलं (तिन्ही पिवळ्याधमक केसांची) त्या घरापायी भांडत पेटी इकडून तिकडे पळवतात. लोकांनी पोट धरून हसायचं आणि आपण हसलो म्हणून घरी जाऊन वाईट वाटून घ्यायचं, अशा जातीचा सिनेमा.

मी तेही गोड मानून घेतलं. पण दिग्दर्शिका मेरेटेबाई धास्तावल्या. अनुदानाच्या अर्जात ‘सर्व समाजांना स्थान’ या रकान्यात एकच माणूस दाखवलेला, आणि तोही मेलेला! लगेच बैठक बसली. इथली डॅनिश बैठक तुला ठाऊकच आहे: केक, कॉफी, प्रत्येकाचं मत, आणि एकमत होईपर्यंत कोणी उठायचं नाही. दिवे सांभाळणारा म्हणाला, “जिवंत करा की त्याला!” लेखक म्हणाला, “तो जगला तर माझा सिनेमा मेला.” मेरेटेबाई माझ्याकडे वळल्या, “नेव्हझात, तू मोकळेपणानं सांग, तुला अपमान वाटतो का रे?” मी म्हटलं, “बाई, चोर म्हणून खूप जगलो, आता हेनिंग म्हणून सुखानं मरू द्या.” बाईंना रडूच कोसळलं. (माझा मान राखायला त्यांनी जेवणातून पावाला लावायची डुकराची कलेजी काढून टाकली. मी ती खात नाहीच, आत्या. पण इतक्या लगेच उचलायची काही गरज नव्हती.)

तीन केक संपल्यावर एकमत झालं. मी मेलेलाच राहायचं, पण मयताला त्याच्यासारखी दिसणारी एक सख्खी बहीण द्यायची.

तुझा,
नेव्हझात

ता. क. ती बहीण तू हो. मी तुझं नाव देऊन बसलोय. (मला रंगवून पासष्टीचा करणार आहेत, तू धाकटी शोभशील.) पेटीपाशी उभं राहून भावाला पाच मिनिटं झापायचं आहे. सिनेमातलं सगळ्यात लांब भाषण आहे, पण तुला कसली आलीय तालीम!

आणखी एक. बाबांना तिकडे गावी, कायसेरीच्या मातीत ठेवलं त्या दिवशी मी इथे ‘चोर क्रमांक दोन’ होतो. त्यावरून तू मला एक शब्दही बोलली नाहीस, आणि तेच मला सोसत नाही. पेटीत मला डोळे मिटून पडायचं आहे, उलट बोलायची सोय नाही. दोन वर्षांचं साठलेलं सगळं बोल. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं तर मेरेटेबाई दृश्य परत घ्यायला लावतील. मग तू पुन्हा पहिल्यापासून सुरू कर. या वेळी मी तिथेच असेन.