खोक्यांवर बसून

प्रिय मैत्रेयी,

जय भीम. हे पत्र शेवटपर्यंत वाचल्याशिवाय उडी मारायची नाही. तू तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावर उभी आहेस आणि बरोबर खाली, तू जिथे पडायचंस तिथे, खोक्यांवरच्या ताडपत्रीवर मी फतकल मारून बसलोय. उठणार नाही. तुमचा डायरेक्टर हरेश दोनदा येऊन हात जोडून गेला, अंकल उठो ना, धूप जा रही है. युनिटला वाटतंय, म्हातारा पोरीचा पिक्चर बंद पाडायला अंबरनाथहून शिरगावपर्यंत आलाय. वाटू दे. वर चढून आलो असतो, पण मी उठलो की हे लोक लगेच ॲक्शन म्हणतील. आणि तोंडाने सांगायला गेलो तर मी ओरडणार, तू ओरडणार, नऊ महिन्यांपूर्वी घरात झालं तेच होणार. म्हणून तुमच्या मेकअपवाल्या शलाकाताईंकडून वही-पेन मागून घेतलं. त्याच हे वर आणून देतील.

त्या दिवशी तू पिक्चरमध्ये फायटिंग करायला बँकेतली नोकरी सोडल्याचं सांगितलंस आणि माझं डोकं फिरलं. शिकवलं कशाला तुला, लोकांच्या लाथा खाऊन जमिनीवर पडायला का, असं मी म्हणालो. आणखीही बरंच म्हणालो, ते तुझ्या लक्षात असेल. तू एकच बोललीस, की पप्पा, हे वेड तुम्हीच लावलंत. मी ताट सरकवून उठलो. खरं होतं म्हणून उठलो, मैतू. खोटं असतं तर भांडलो असतो.

कॅम्प एकमधल्या दुकानातून मी भाड्याने सीडी आणायचो ना रविवारी, तेव्हा तू सहा-सात वर्षांची असशील. तुझी आई म्हणायची, काय हे दळभद्री पिक्चर बघता, एक तरी धड आणा. धड पिक्चर आपल्याला नकोच असायचे. व्हिलनचा अड्डा म्हणजे कुणाचं तरी बंद गोदाम, बॉम्ब फुटला की धूर आधी आणि आवाज मागून, आणि एकच जीप तीन पिक्चरमध्ये जळायची. आपण हसून हसून लोळायचो. पण मारामारी सुरू झाली की गप्प, कारण तिथे खोटं काही नसायचं. मोठ्या पिक्चरवाल्यांकडे अंगाला बांधायच्या तारा असतात, कॉम्प्युटर असतो. ह्यांच्याकडे पैसाच नाही, मग माणूस पत्र्यावरून खरोखर पडतो. हिरो कोण, ते तू बघायचीच नाहीस. एक टकला फायटर होता, मिश्या बदलून एकाच पिक्चरमध्ये चारदा मरायचा. तो आला की तू टाळ्या वाजवायचीस आणि पडला की माझा हात घट्ट धरायचीस, पप्पा, लागलं असेल का त्याला. माझं सांगू का, आठवडाभर मी मशीनवर सुपरवायझरच्या शिव्या खायचो. ज्याच्यामागे कोणी नाही असा एक माणूस दहा जणांना लोळवतो, एवढं बघितलं की सोमवारी कामावर जायचं बळ यायचं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

तुझे सगळे पिक्चर मी बघितलेत. मोबाईलवर, संडासाला जायच्या निमित्ताने, आईपासून लपवून. हिरोईनचा विग घालून जिन्यावरून गडगडतेस ती तू, हे मला डाव्या खांद्यावरून कळतं, लहानपणीही तू पलंगावरून तोच खांदा आधी टाकायचीस. आज पहिल्यांदा विग नाही, तोंड दिसणार, नाव येणार, हे आईकडूनच समजलं. तीस फुटांवरून उडी आहे आणि खाली भंगारवाल्याकडून आणलेली खोकी आहेत, हेही तिनेच सांगितलं. एकतीस वर्षं मी पुठ्ठ्याची खोकी बनवली, आणि माझी पोरगी दुसऱ्याच्या फेकलेल्या खोक्यांवर पडणार.

आता नीट वाच. काल दुपारी तुम्ही सगळे बारवीच्या रस्त्यावर शूटिंगला गेलेलात तेव्हा मी टेम्पो घेऊन इथे आलो. वॉचमन जनूला सांगितलं, प्रोडक्शनचा माल आहे. ती मऊ पडलेली तीन प्लायची, म्हणजे तीन थरांच्या पुठ्ठ्याची, खोकी काढली आणि आमच्या कंपनीतली कोरी सात प्लायची लावली, मशीनचे पार्ट परदेशी पाठवतात ती. दीडशे. एकेकाला दुहेरी टेप मारली आणि ताडपत्री होती तशी अंथरली. घरी जाऊन शांत झोपलो, कारण जन्मभर एकच गोष्ट शिकलोय, चांगलं खोकं दबत नाही. आज लपून तुझी उडी बघायला आलो होतो. कोणी बघत नाही असं बघून ताडपत्रीवर जरा टेकलो, तर ढिम्म. टाच आपटली तर कळ माझ्याच गुडघ्यात आली. तेव्हा ह्या मठ्ठ डोक्यात उजेड पडला, की तुझं खोकं चेपायलाच हवं, ते चेपलं तरच तू वाचशील. हरेशला सांगितलं, तर तो म्हणतो, मजबूत है तो अच्छा है ना अंकल. तुमचे फाईट मास्टर पदू आज दुसऱ्या सेटवर आहेत. म्हणजे हे समजणारी इथे तू एकटीच. मी तुला वाचवायला गेलो ग, आणि तुझी मान मोडायची तयारी ह्याच हातांनी करून ठेवली. जुनी खोकी भिंतीमागे तशीच पडलीत. खाली ये. सगळ्यांसमोर मला काय बोलायचं ते बोल. मग आपण दोघं ती रचू, कशी रचायची ते तू सांग, मी एक शब्द न बोलता ऐकेन. आणि मग उडी मार.

तुझाच,
पप्पा